आर्गॉनचा आडोसा

यतीन साळोखे पहिल्यांदा आमच्या वेरिबीच्या घरी आला तेव्हा त्याने बूट दाराबाहेर काढून ठेवले. जड, पुढे पोलादाची टोपी असलेले, आणि चामड्यावर जळल्याचे बारीक बारीक ठिपके पडलेले. रसायनशास्त्राचा एम.एस्सी. माणूस असले बूट कशाला घालेल, ही त्याच्याबद्दलची माझी पहिली शंका. नंतर तीत बरीच भर पडली.

ही २००९ सालची गोष्ट. त्या वर्षी मेलबर्नला आपल्याकडची मुलं इतकी आली होती की वेरिबीच्या ट्रेनमध्ये फोनवर कोण काय बोलतंय ते सगळं समजायचं. कुणी स्वयंपाकाचा कोर्स करत होतं, कुणी केस कापायचा. मुळात कोण, तर इंजिनिअर, बी.फार्म., एम.कॉम. सरकारने ज्या कामांची यादी काढली होती त्यातलं काम शिकलं की पी.आर., म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळायची शक्यता वाढायची, म्हणून ही सगळी धडपड. आम्ही त्यांच्या चार वर्षं आधी, माझे यजमान शैलेंद्र यांच्या कॉम्प्युटरच्या नोकरीवर, स्किल्ड व्हिसाने आलो होतो. तेवढ्या चार वर्षांच्या जोरावर आम्ही या मुलांकडे जरा वरूनच बघायचो.

माझी मुलगी चिन्मयी तेव्हा अकरावीत होती आणि केमिस्ट्रीत गटांगळ्या खात होती. अणू एकमेकांना का चिकटतात, हे एक प्रकरण तिला काही केल्या उमगेना. मी स्वतः बी.ए. झालेली. माझं रसायनशास्त्र बारावीला संपलं, आणि तेही मराठी शब्दांत. इथल्या मराठी मंडळातल्या चित्रलेखाने यतीनचा नंबर दिला. कोल्हापूरचा आहे, एम.एस्सी. आहे, इथे वेल्डिंग शिकतो, लॅव्हर्टनच्या एका कारखान्यात कामही करतो, शिकवतो छान, असं म्हणाली. आणि एकटा असतो. कुणात मिसळत नाही. का मिसळत नाही, असं मी विचारलं तर तिला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, नंबर देण्याआधी तिने हे विचारायला नको होतं का?

दर शनिवारी दुपारी तीन ते पाच, जेवणाच्या टेबलावर शिकवणी चालायची. ओट्यापासून टेबल सहा पावलांवर. मी मेथी निवडत नाहीतर कोथिंबीर चिरत तिथेच उभी राहायची. सोळा वर्षांची मुलगी आणि पंचवीस वर्षांचा मुलगा. त्यात त्याला पी.आर. हवा. तेव्हा कागदी लग्नांच्या गोष्टी इतक्या कानावर यायच्या की आमच्या ओळखीतली प्रत्येक आई आपल्या मुलीचा पासपोर्ट कुठल्या कपाटात आहे ते दिवसातून एकदा मनात आठवून बघत असेल.

पहिल्याच दिवशी चिन्मयीने वहीतलं वाचून दाखवलं, की प्रत्येक अणूला बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन हवे असतात.

"'हवे असतात' खोड," यतीन म्हणाला. "अणूला काही हवं नसतं."

"बट दॅट्स हाऊ वुई लर्न इट."

"असू दे. खोड, मग सांगतो."

मी सुरी थांबवली. आमच्या शाळेतही बाईंनी असंच शिकवलं होतं, आठ पूर्ण करायची धडपड. हा पुस्तक खोडायला सांगतोय म्हणजे याला येत नसावं, किंवा हा एम.एस्सी. नसावाच. पण त्याने वाणसामानाच्या कॅटलॉगच्या कोऱ्या कोपऱ्यावर हायड्रोजनचे दोन अणू काढले आणि सांगायला लागला. लांब असताना त्यांना एकमेकांची फारशी खबर नसते. जवळ आले की याचं केंद्रक त्याच्या इलेक्ट्रॉनला ओढतं, त्याचं केंद्रक याच्या. दोन्ही इलेक्ट्रॉन दोघांच्या मधल्या भागात जास्त राहू लागतात, दोन्ही केंद्रकं त्यांच्याकडे ओढली जातात, आणि सगळ्यांची मिळून ऊर्जा कमी होते. उतारावर ठेवलेला चेंडू खाली येतो तसं. फार जवळ गेले तर केंद्रकं एकमेकांना ढकलतात. मध्ये एक अंतर असं येतं की तिथे ऊर्जा सगळ्यात कमी. तिथे थांबले की झाला रेणू.

"मग बाँड तोडला की ती एनर्जी बाहेर येते," चिन्मयी म्हणाली.

"उलट. जोडताना बाहेर पडते. तोडायला तुला द्यावी लागते."

मग हीलियम. हे मात्र मी कान देऊन ऐकलं, कारण आम्हाला फक्त 'निष्क्रिय वायू, कोणाशीही संयोग पावत नाहीत' एवढं पाठ करायला लावलं होतं. का, ते विचारलं असतं तर बाईंनी वर्गाबाहेर काढलं असतं. त्याने दोन जागा काढल्या, एक खाली, एक वर. दोन अणू जोडले की अशा दोन जागा तयार होतात, म्हणाला, आणि एका जागेत दोनच इलेक्ट्रॉन मावतात. खालच्या जागेतले जोडतात, वरच्या जागेतले ते जोडणं सोडवतात. हायड्रोजनचे मिळून दोनच, ते खाली बसले, जोडणी टिकली. हीलियमचे चार. दोन खाली, उरलेले दोन वर, आणि वरचे दोघे खालच्यांनी केलेलं सगळं उधळून लावतात, उलट थोडं जास्तच. म्हणून हीलियम जोडला जात नाही. तो रागीट नाही, गर्विष्ठ नाही. जोडून त्याची ऊर्जा कमी होत नाही, इतकंच.

चिन्मयीने "ओह" म्हटलं. महिनाभर मी तिच्या तोंडून केमिस्ट्रीत तो उद्गार ऐकला नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. मी विचार करत होते की ती त्याच्याकडे बघून 'ओह' म्हणाली की कागदाकडे.

मी त्याची परीक्षा घ्यायचं ठरवलं. चहा टेबलावर ठेवता ठेवता म्हटलं, "म्हणजे लग्नासारखंच की. दोघांची सोय झाली की जोडले. इथे पी.आर.साठी करतात तसं."

चिन्मयी "आई" म्हणून पुटपुटली. तो मात्र गंभीरपणे विचार करून म्हणाला, "नाही काकू. पी.आर.साठी करतात त्यात हेतू असतो. इथे हेतू नसतोच, तीच तर गंमत आहे. आपण उगाच सगळीकडे हेतू शोधतो."

हा टोमणा मला होता की नव्हता, यावर मी अख्खी संध्याकाळ घालवली.

तो आमच्याकडे खायचा नाही. बिनसाखरेचा चहा घ्यायचा. थालीपीठ पुढे केलं तर हात जोडायचा. ट्रुगानिनाच्या एका घरात आठ मुलं राहायची, तिथे पाव आणि मॅगीवर दिवस काढणारा मुलगा गरम थालीपिठाला नाही म्हणतो, यात मला काहीतरी लपवलेलं दिसायचं. एकदा खोदून विचारलं तर म्हणाला, "सवय लागते काकू. मग आठवडाभर त्रास होतो." हेही मी खरं मानलं नाही.

कारखान्याबद्दल मात्र तो भरभरून बोलायचा. दूध डेअरीतल्या स्टीलच्या पाइपांना तो जोड द्यायचा. वितळलेल्या स्टीलला हवेतला ऑक्सिजन मिळाला तर ते त्याच्याशी जोडलं जातं, आणि जोड काळा, खरखरीत होतो. म्हणून ज्या टॉर्चने वेल्डिंग करतात तिच्यातूनच आर्गॉन सोडतात. आर्गॉन हा त्याच निष्क्रिय घराण्यातला. तो स्टीलभोवती उभा राहतो आणि ऑक्सिजनला आत येऊ देत नाही.

"नायट्रोजन का नाही?" चिन्मयीने विचारलं. "तोही कशाशी रिॲक्ट होत नाही ना? हवेत फुकट मिळतो."

तिने आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. यतीन खूश झाला, आणि त्याचं खूश होणं मी टिपून ठेवलं. तो म्हणाला की दोघं गप्प आहेत, पण कारणं वेगळी. नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांशी तीन बंधांनी जखडलेले आहेत, म्हणून ते बाहेरच्या कुणाकडे जात नाहीत. पण वेल्डिंगच्या उष्णतेत ते तीन बंध तुटतात, आणि सुटा झालेला नायट्रोजन स्टीलमध्ये घुसतो. आर्गॉनकडे तोडण्यासारखं काही नाहीच. तो आधीपासून एकटा, आणि कितीही तापवला तरी एकटा. "आणि झेनॉन?" ती म्हणाली. झेनॉन मोठा अणू, त्याचे बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब आणि सैल, फ्लोरिनसारखा हावरा भेटला तर तोही जोडला जातो. हे ऐकून मी मनात म्हटलं, थापा. मग लायब्ररीत जाऊन पुस्तक काढून बघितलं. खरं होतं. चुकीचं निघालं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं.

ऑक्टोबरमध्ये एका बुधवारी पत्रपेटीत एक लांब पांढरं पाकीट आलं. वर आमचा पत्ता. नाव यतीन साळोखे.

एकत्र राहतो असं दाखवून डी फॅक्टोचा व्हिसा घेता येतो, त्यासाठी दोघांच्या नावाची पत्रं एकाच पत्त्यावर आलेली लागतात, हे मंडळातल्या बायकांच्या गप्पांत मी ऐकलं होतं. सोळा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत असं काही होऊ शकत नाही, एवढं मलाही कळत होतं. पण मुलगी अठराची होते, आणि धूर्त माणसं कागद आधीपासून जमवतात. शैलेंद्र तेव्हा सिडनीला होते. वेस्टमीडच्या हॉस्पिटलात त्यांच्या कंपनीचं काम चालू होतं आणि ते रोज दमल्या आवाजात दोन मिनिटं बोलायचे. फोनवर हे कसं सांगणार? चिन्मयीला विचारायचं धाडस नव्हतं, कारण ती 'हो' म्हणाली असती तर पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं. मी पाकीट भाजणीच्या डब्याखाली ठेवलं. फोडलं नाही. तेवढा आब राखला.

शनिवारी तो आला. बूट काढता काढता म्हणाला, "काकू, माझं एखादं पत्र आलं होतं का?"

"नाही."

कुठलं पत्र, आमच्याकडे का येईल, असं एखादा माणूस साहजिकच विचारेल. मी सरळ 'नाही' म्हणून बसले, आणि आता ते प्रश्न विचारायची सोय राहिली नाही. त्याला ते जाणवलं असावं, कारण तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला की आलं तर लगेच फोन करा, परीक्षेची तारीख आहे त्यात. वेल्डिंगच्या प्रमाणपत्राची प्रात्यक्षिक परीक्षा. ती पास झाला तर कारखाना त्याला कायम ठेवून व्हिसासाठी अर्ज करणार होता. नाहीतर डिसेंबरात स्टुडंट व्हिसा संपत होता, आणि कोल्हापूरला परत. परीक्षेच्या ऑफिसात त्याने फोन केला होता, पण फोनवर तारीख सांगत नाहीत, पत्राची वाट बघा म्हणाले.

मला वाटलं, किती तपशीलवार रचलंय.

त्या दिवशी त्याचं शिकवण्यात लक्ष नव्हतं. मी चिन्मयी किती वेळा हसली ते मोजलं. तीनदा. ती नंतर माझ्यावर चिडली. "आई, यू आर बीइंग सो वीअर्ड. तू त्याच्याकडे पोलिसासारखी बघतेस."

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी शैलेंद्र परत आले. बॅग ठेवली, पाणी प्यायले आणि म्हणाले, "यतीनचं पत्र आलं का गं?"

मी भाजणीच्या डब्याकडे बघितलं.

"अगं, त्यांच्या घरात आठ जण, पत्रं हरवतात, आणि वर्षात तीनदा घर बदललंय. मला विचारत होता बिचारा. मीच म्हटलं, आमचा पत्ता दे, नो वरीज. तुला सांगायचं राहिलं."

सांगायचं राहिलं. मला रागवायलाही तोंड नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी पाकीट घेऊन लॅव्हर्टनला गेले. पत्र्याची मोठी शेड, आत लोखंड जळल्याचा वास. माल्टाहून आलेला एक म्हातारा फोरमन होता. त्याने मला नारिंगी पडद्यामागे उभं केलं आणि उघड्या डोळ्यांनी उजेडाकडे बघू नको असं बजावलं. पडद्यातून यतीन दिसत होता. पाइपाची दोन्ही टोकं टेपने बंद केलेली, एका बारीक नळीतून आत आर्गॉन जात होता. फोरमनने त्याला हाक मारून मी आल्याचं सांगितलं. त्याने मान हलवली. थोड्या वेळाने उजेड विझला, पण त्याने टॉर्च उचललीच नाही. तिथेच, तशीच धरून बसला. मला वाटलं, मुद्दाम ताटकळत ठेवतोय.

फोरमनला माझा चेहरा दिसला असावा. त्याने सांगितलं की उजेड गेला तरी धातू तापलेलाच असतो, तो निवेपर्यंत आर्गॉन सोडत राहावा लागतो. सगळ्यांना घाई असते, सगळे हात लवकर उचलतात. हा एकटा उचलत नाही. मग त्याने दुसऱ्या कुणीतरी केलेला, टाकून दिलेला एक तुकडा माझ्या हातात दिला. बाहेरून नव्या पातेल्यासारखा लखलखीत. आतून बघ म्हणाला. आत जळलेल्या गुळासारखे काळे, खडबडीत फोड. आतल्या बाजूला आर्गॉन भरायचा कंटाळा केला की असं होतं, त्यात दूध अडकतं, नासतं, आणि बाहेरून कधी कळत नाही.

मी म्हटलं, यतीनचा बघू का?

तो हसला, पण त्याने मला दांडीला लावलेला छोटा आरसा आणि बॅटरी दिली. मी यतीनने केलेल्या एका पाइपात आरसा घालून, मान वाकडी करून, नीट वेळ घेऊन बघितलं. आत जोडाची बारीक, एकसारखी रेघ होती, वाळलेल्या गवताच्या फिकट रंगाची, कुठेही काळं नाही.

यतीन आला. हातमोजे काढून त्याने पाकीट घेतलं, फोडलं, वाचलं आणि परत घडी घातली.

"काल होती," तो म्हणाला. "सकाळी नऊला."

मी सांगितलं की पत्र नऊ दिवस माझ्याकडे होतं. तो विचारेपर्यंत थांबले असते तर बोलता आलं नसतं, म्हणून घाईघाईने सांगितलं.

"का, काकू?"

"मला वाटलं..."

"चिन्मयी?"

मी मान हलवली. त्याने हातमोजे एकात एक घातले. मग म्हणाला, "मी तुमच्याकडे जेवतसुद्धा नव्हतो."

फोरमननेच परीक्षेच्या ऑफिसला फोन लावला. हुज्जत घातली, ओरडला, मग थंड झाला. पत्र वेळेवर न पोचण्याचं कारण त्रयस्थ माणसाने शपथेवर लिहून दिलं आणि ते आज पाचच्या आत पोचलं, तर पुढच्या शुक्रवारी एक जागा आहे. नंतरच्या जागा फेब्रुवारीत. फेब्रुवारीत यतीन इथे नसणार होता.

शपथपत्राचा छापील कागद फॅक्सने आला. यतीन म्हणाला, "लिहा, की पत्रपेटीतल्या कॅटलॉगच्या गठ्ठ्यात चुकून गेलं."

आणि काय सांगू, मला पुन्हा शंका आली. हा मला का वाचवतोय? खोटं माझ्या सहीने जाईल, उद्या उघडकीला आलं तर अडकेन मी. की हे उपकार करून ठेवतोय, पुढे कधीतरी वसूल करायला? मी त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं. तिथे दमणुकीशिवाय काही नव्हतं. तरी मी ते लिहिलं नाही. खरेपणाने नव्हे, भीतीने. कागदाच्या खाली खोट्या शपथेची शिक्षा ठळक अक्षरांत छापलेली होती.

अशा कागदावर इथे औषधांच्या दुकानातला फार्मासिस्टसुद्धा साक्षीदार म्हणून सही करू शकतो. वेरिबीच्या दुकानात खोकल्याच्या औषधांच्या काउंटरवर उभं राहून मी इंग्रजीत लिहिलं, की पत्र मला अमुक तारखेला मिळालं, मी ते जाणूनबुजून ठेवून घेतलं आणि विचारल्यावर आलं नाही असं सांगितलं, कारण या तरुणाचा माझ्या मुलीशी काही संबंध आहे असा मला संशय होता. संशयाला आधार काय, हे लिहायला पुढची ओळ मोकळी होती. बराच वेळ पेन तिथे धरलं. मग 'काही नाही' असं लिहिलं. फार्मासिस्ट तरुण मुलगी होती. तिने वाचायची गरज नव्हती, पण सही करताना तिची नजर फिरली, आणि तिने कागद मला उलटा करून परत दिला.

पुढच्या शुक्रवारी मीच त्याला गाडीने नेलं, कारण परीक्षेची जागा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होती आणि ट्रेनने वेळेवर पोचता येत नव्हतं. वाटेत आम्ही रस्त्यांखेरीज काही बोललो नाही. मी चार तास गाडीत बसून होते. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या चालण्यावरून काही समजेना. बसला, पट्टा लावला, आणि म्हणाला की परीक्षकाने जोडाचे तुकडे कापले, आतून बघितले, यंत्रात घालून वाकवले. तडा गेला नाही.

"पास?"

"पास."

मला रडू आलं. त्याने समोर बघत राहण्याची मेहरबानी केली. वेस्ट गेटचा पूल ओलांडल्यावर तो म्हणाला, "काकू, शनिवारी मी वेरिबीच्या लायब्ररीत शिकवीन. घरी नको. तिथे सगळे असतात. तुम्ही येऊन बसा हवं तर."

"तू रागावलास."

"रागावलो होतो. आता परीक्षा झाली." थोड्या वेळाने म्हणाला, "पत्ता मी कारखान्याचा दिलाय आता."

त्याला पुढच्या वर्षी व्हिसा मिळाला, चिन्मयीला केमिस्ट्रीत बरे मार्क मिळाले. यात माझं काही श्रेय नाही. तो शनिवार मात्र मला स्पष्ट आठवतो. मी लायब्ररीत गेले आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावर मासिक उघडून बसले. तो तिच्याकडून रासायनिक समीकरणं संतुलित करून घेत होता आणि माझ्याकडे एकदाही वळून बघत नव्हता. दुसऱ्या शनिवारी मी गाडीतून उतरले नाही, पार्किंगमध्येच थांबले. तिसऱ्या शनिवारी चिन्मयी म्हणाली की ती सायकलने जाईल. मी जा म्हटलं. ती साडेपाचला यायची होती, आणि सव्वापाचपासून मी खिडकीत उभी होते.